मागून घेतलेली भिशी

आमच्या गल्लीतल्या शिकणाऱ्या पोरींत गुलशन सगळ्यात हुशार, हे मी आधीच सांगून ठेवते. पुढं मी तिला लई बोलणार हाय. तवा कुणी म्हणायला नको की मनकर्णाबाईला दुसऱ्याची पोर डोळ्यात खुपती.

गुलशन ही माझ्या शेजारच्या जोहराची पोरगी. बायजीपुऱ्यात आमची घरं एका भिंतीची. मी मिरची कुटली की तिकडं जोहरा शिंकती, आणि तिची मशीन चालली की इकडं माझी भांडी वाजतात. शफीकभाई वारले तवा गुलशन चौथीत होती. तेव्हापासून जोहरानं शिलाईवर घर ओढलं. ब्लाऊज, फॉल, शाळेचे गणवेश, जे येईल ते. पण कुणाकडं कधी वाटीभर साखर मागितली नाय. मी कालवण नेऊन दिलं तर भांडं रिकामं परत यायचं नाय. दुसऱ्या दिवशी त्यात शेवया तरी असायच्या, नायतर भजी. अशी बाई. मानी म्हणा, नायतर हेकट म्हणा, दोन्ही खरं हाय.

तिचा हट्ट एकच. पोरीनं बीकॉम करावं, फायनान्स घ्यावं आणि एखाद्या सीएच्या ऑफिसात पंख्याखाली बसून पगार घ्यावा. गुलशननं फायनान्स घेतलंसुद्धा. पण त्याच्या जोडीला घेतलं समाजशास्त्र. आता म्हणे नव्या नियमात कॉमर्सच्या पोरांना आर्ट्सचा विषय जोडून घेता येतो. एक मेजर, एक मायनर. ज्या दिवशी हे घरी कळलं त्या दिवशी जोहरा सुईदोरा हातात घेऊनच माझ्याकडं आली.

"मनकर्णाबाई, ये समाजशास्त्र क्या होता?"

मी म्हणलं, "समाज काय करतो, कसा वागतो, ते शिकायचं असंल."

"वो तो मैं ओट्यावर बैठके रोज देखती. उसकी फी कायको भरना?"

मला हसू आलं, पण बोलणं पटलं. गुलशन मागून आली आणि म्हणली, "अम्मी, पैसा कुठं जातो ते फायनान्स सांगतं. का जातो ते समाजशास्त्र सांगतं." वाक्य कॉलेजातून पाठ करून आली होती, दिसतच होतं. मी म्हणलं, "बाई गं, दोन डगरींवर पाय ठेवला की माणूस मधी पडतो." ती म्हणली, "मावशी, पोहता येत असलं तर?" अशी तोंडाळ. पण फी भरली गेली. जोहरानं पोरीचं मन कधी मोडलं नाय.

तिसऱ्या वर्षाला दोन्ही विषय मिळून एक प्रोजेक्ट आलं. अर्धे मार्क कॉमर्सचे सर देणार, अर्धे समाजशास्त्राच्या मॅडम. गुलशननं विषय काय घ्यावा? आमची भिशी!

भिशी मी चालवते. बारा बाया, महिन्याला दोन-दोन हजार. जमलेली सगळी रक्कम दर महिन्याला एकीला द्यायची. कुणाला, ते चिठ्ठी काढून. जिला एकदा लागली तिचं नाव पुन्हा डब्यात पडत नाय, पण हप्ता ती भरतच राहती. वर्षभरात सगळ्यांची पाळी झाली की नवा फेरा. यात व्याज नाय, कागद नाय, सही नाय.

हे झालं लोकांना सांगायचं. आता खरं सांगते. आमच्या भिशीत चिठ्ठी कधी खरी निघालीच नाय.

कुणाची लेक बाळंतपणाला येणार असती, कुणाच्या नवऱ्याची कंपनी बंद पडलेली असती. ती बाई स्वतःच्या तोंडानं काही बोलत नाय. तिची शेजारीण चार दिवस आधी माझ्याकडं येती, मी तांदूळ निवडत असले तर त्यात हात घालती आणि हळूच म्हणती, "या खेपेला सरूबाईला निघाली तर बरं होईल बघा." मी म्हणते, "देवाच्या हातात हाय." आणि सगळ्या चिठ्ठ्यांवर सरूबाईचं नाव लिहिते. मागच्या महिन्याची बाई डब्यात हात घालून चिठ्ठी उचलती. नाव निघतं. सगळ्या टाळ्या वाजवतात. सरूबाई म्हणती, "अगं बया, माझं नशीब!" उरलेल्या चिठ्ठ्या मी आत नेते आणि बंबात टाकते.

सगळ्या जणींना ठाऊक हाय. एकीनंही आजवर दुसरीला बोलून दाखवलं नाय. यात कुणाला लबाडी दिसत असंल तर दिसू द्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं माझी आई सोयगावच्या बाजारात बसून सांगायची, आणि तिला बाजार कळायचा.

एक जोहरासाठीच कधी कुणी शब्द टाकला नाय, कारण तिची नड कुणाला कळायचीच नाय. दुसरीसाठी शब्द टाकायला मात्र ती हमखास यायची. म्हणून दर फेऱ्याला शेवटची भिशी तिची. शेवटी तिचंच नाव उरायचं.

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. औरंगपुऱ्यातल्या एका दुकानदारानं तिला गणवेशाची मोठी ऑर्डर देऊ केली. अट एकच, घरात ओव्हरलॉक मशीन पाहिजे. कापडाच्या कडेचे धागे निघू नयेत म्हणून कडा बांधून देणारी मशीन. शहागंजात एक वापरलेली मशीन होती. मशीनवाला रविवारपर्यंत थांबायला तयार होता, पुढं त्याच्याकडं दुसरं गिऱ्हाईक उभं होतं. आणि जोहराची मागच्या फेऱ्याची भिशी पोरीच्या फीत आणि घराच्या पत्र्यात केव्हाच गेली होती.

हे मला गुलशननंच सांगितलं. मशीनवाला माझ्या मालकांच्या ओळखीचा, म्हणून भाव कमी होतो का विचारायला आली होती. मी तिला काही बोलले नाय. घरात बसून चिठ्ठ्या लिहिल्या. फेऱ्याचा तिसरा महिना होता, दहा नावं शिल्लक होती. दहाही चिठ्ठ्यांवर लिहिलं, जोहरा.

मंगळवारी चारच्या सुमाराला बाया जमल्या. गुलशन वही-पेन घेऊन भिंतीला टेकून बसली. मी तिला बजावलं होतं, बसायचं तर मुकाट बसायचं. "व्हय मावशी, मॅडमनी पण हेच सांगितलंय," म्हणली.

मागच्या महिन्याची सरूबाईच होती. तिनं चिठ्ठी काढली, उघडली आणि वाचली, "जोहरा!" टाळ्या वाजल्या. जोहरानं दोन्ही हात तोंडावर ठेवले. "या अल्लाह, मेरा नंबर?" म्हणली. आता तिला आमची रीत ठाऊक नव्हती का? माझ्याइतकीच ठाऊक होती. पण स्वतःचं नाव निघालं की माणसाला वाटतंच, कदाचित या खेपेला वरच्यानंच काढलं असंल. ते तिच्या तोंडावर दिसत होतं, आणि मला लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मी तिच्या हातात पैसे दिले. तेवढ्यात द्वारकाबाईनं पाणी मागितलं. मी डबा तिथंच ठेवून आत गेले, आणि तीच वेळ नडली.

"मावशी, एक मिनिट," बाहेरून गुलशनचा आवाज आला. "बाकीच्या चिठ्ठ्या बघून घेते. सगळ्यांना सारखा चान्स असतो, हे सरांना पडताळून दाखवायचंय."

"ठेव तो डबा!" मी आतून ओरडले. तांब्या तसाच टाकून बाहेर आले तर तिनं एक चिठ्ठी उघडलेली.

"जोहरा," तिनं वाचलं. दुसरी उघडली. "जोहरा." हा आवाज बारीक होता. तिसरी तिनं मनातच वाचली आणि माझ्याकडं बघितलं.

असल्या वेळी गप्प बसावं, पण द्वारकाबाईच्या तोंडाला झाकण देवानं दिलेलंच नाय. वाईट नाय बाई, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. "असू द्या गं," ती म्हणली, "गरिबाच्या घरात गेली, आपल्याला पुण्यच लागलं."

गरिबाच्या! जोहरानं पैसे डब्यावर ठेवले. पदर सारखा केला. "मनकर्णाबाई, अल्ला का शुकर, मेरे घर में चूल्हा जलता. खैरात नक्को मेरे को." आणि चपला घालून निघून गेली. बाकीच्या पण एकेक करून उठल्या. कुणी कुणाच्या तोंडाकडं बघेना.

गुलशन तिथंच उभी. मी तिला धरलं आणि सोलून काढलं. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा! अगं, तुझ्या आईनं जन्मात कुणापुढं हात पसरला नाय. आज तिच्या हातात काही पडत होतं, ते तू सगळ्यांसमोर हिसकावून घेतलंस. दोन-दोन विषय शिकलीस ना? मग एवढं कळलं नाय?"

"मला वाटलं नव्हतं मावशी..." ती रडायला लागली. "सरांनी सांगितलं होतं, ऐकीव लिहू नको, तपासून लिही. मॅडमनी सांगितलं होतं, बघायला गेलीस की हात मागं बांधून बस, वस्तूला हात लावू नको. मी सरांचं ऐकलं."

"मग दोघांचं एका वेळी ऐकायला काय धाड भरली होती?"

ती नाक पुसत घरी गेली. मला तिची दया पण आली, पण त्या दिवशी रागच जास्त होता.

दुसऱ्या दिवशी मी पैसे घेऊन जोहराकडं गेले. ती मशीनवर बसली होती, उठली नाय. मी म्हणलं, "हे बघ, पोरीचा मूर्खपणा आपण सोडून देऊ."

"पोरीवर राग नाय माझा," ती म्हणली. "डब्बे में जो था, वोच उसने पढ़ा." आणि पाय थांबवून विचारलं, "तुम्ही सगळ्या मिळून बसल्या असाल ना? बिचारी जोहरा, बिचारी जोहरा बोलके?"

"कुणी बसलं नाय. मी एकटीनं ठरवलं."

"ये तो और बुरा."

"अगं, सगळ्यांना असंच लागतं! तू स्वतः येऊन सांगितलंस ना, भागूबाईच्या लेकीचं लग्न हाय, तिला निघू द्या? तवा ती खैरात होती का?"

यावर तिनं मशीन जोरात चालू केली. मी पैसे तसेच घेऊन परत आले. भिंतीला भिंत, पण दोन दिवस आमच्यात कालवणाचं भांडं फिरलं नाय. तीस वर्षांचा शेजार, आणि मला तिच्या दारात जायची लाज वाटायला लागली.

गुरुवारी द्वारकाबाई आली. तिला कशाचं काही वाटलेलं नव्हतं. "जोहराला नको असंल तर पैसे पडून कशाला ठेवता? मला फ्रीज घ्यायचाय. पण मी फुकट मागत नाय. शनिवारी सगळ्यांना बोलवा आणि आता खऱ्या चिठ्ठ्या टाका. सगळ्यांसमोर लिहायच्या, सगळ्यांसमोर काढायच्या. उघडं झालंय ते झालंच."

तिचं काही चुकत नव्हतं. पैसे बाराजणींचे, माझ्या कपाटात किती दिवस ठेवणार? मी सगळ्यांना शनिवारचा निरोप दिला. रविवारी मशीन जाणार होती. दहा नावांत जोहराचं एक. निघालं तर निघालं.

त्याच दिवशी संध्याकाळी गुलशन आईची समजूत काढायला बसली. मला सगळं ऐकू आलं. मी भिंतीला कान लावला नव्हता, आमची भिंतच तशी हाय.

"अम्मी, मी हिशेब केलाय," ती म्हणली. "तू दर फेऱ्याला शेवटची भिशी घेते. म्हणजे वर्षभर तुझे पैसे दुसऱ्या वापरतात. बँकेत ठेवले असते तर इतक्या वर्षांत त्याचं किती झालं असतं, हे बघ. हे तुझं त्यांच्याकडं निघतं. तू खैरात घेत नाय. तू तुझं व्याज घेते."

मी कपाळावर हात मारला. अगं बये, कुणापुढं काय बोलती!

"सूद?" जोहराचा आवाज असा चढला की माझ्या मांजरीनं कान टवकारले. "मैंने सूद के वास्ते दिए क्या पैसे? मैं भिशीत कायको, बँकेत कायको नाय? सूद नाय म्हणून! सूद तेरे कॉलेज में रख. इस घर में नक्को ला."

मला वाटलं, झालं, पोरीनं उरलंसुरलं पण घालवलं. पहिल्यांदा आईला गरीब करून ठेवलं, आता सावकारीण केलं. फायनान्स शिकवणाऱ्या त्या सरांना एकदा आमच्या गल्लीत आणून बसवावं, असं मनात आलं.

शुक्रवारी गुलशन कॉलेजातून उशिरा आली. मॅडमकडं जाऊन बसली होती म्हणे. मॅडमनी काय सांगितलं ते तिनं मला कधी नीट सांगितलं नाय. पण घरात शिरल्या शिरल्या दप्तर फेकल्याचा आवाज आला आणि पोरगी आईशी भांडायलाच लागली. तिला मी आईशी भांडताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"अम्मी, व्याजाचं मी चुकले. माफ कर. पण आता माझं ऐक. खैरात परत करावी लागत नाय. भिशी करावी लागते. आत्ता उचललेली भिशी म्हणजे कर्ज असतं, पुढं महिन्याला फेडायचं असतं. हे मी फायनान्समध्ये शिकले, आणि यात सूद नाय. बिनव्याजी कर्ज देणं आपल्या धर्मात सवाब, पुण्याचं काम हाय ना? मग घेणारा कुणी नसला तर देणारा कुणाला देणार?"

"मेरे को नक्को सिखा."

"शिकवणार! तू भागूबाईंना दिले, सरूबाईंना दिले, द्वारकाकाकूंना तर दोनदा. त्यांनी घेतले. त्यांचं नाक कापलं गेलं का? मग तुझंच कसं जातं? तुला नुसतं द्यायचं असतं. घ्यायचं नसतं कुणाकडून. म्हणजे सगळ्या खाली आणि जोहरा एकटी वर! लोक ज्याला देतात त्याच्याकडून घेतात पण, अम्मी, तवा ते एकमेकांचे होतात. तू कुणाचीच झाली नाय. मनकर्णामावशीची पण नाय. त्यांच्या कालवणाचं भांडं तू एक दिवस रिकामं पाठवत नाय. तुला वाटतं ती इज्जत हाय. त्यांना काय वाटतं, कधी विचारलं?"

माझ्या हातात लसूण होता, तो तसाच राहिला. कारण पोरगी खरं बोलत होती. त्या शेवया, ती भजी. दर खेपेला मला वाटायचं, हिनं माझं घेतलंच नाय, लगेच फेडून टाकलं. हे मी कुणाला बोलले नव्हते. स्वतःशीसुद्धा धड नाय. आणि या एवढ्याशा पोरीनं ते कुठून उचललं कोण जाणे. मला रडू आलं ते लसणाचं नव्हतं.

त्या रात्री जोहराची मशीन चालली नाय.

शनिवारी चारला बाया आल्या. जोहरा येईल असं मला वाटलं नव्हतं, पण आली. दाराजवळ बसली. गुलशन तिच्या मागं, वही मांडीवर बंद. द्वारकाबाईनं स्वतःच कागद फाडले. ज्यांना लिहिता येतं त्यांनी आपापलं नाव लिहिलं, बाकीच्यांचं मी लिहिलं. जोहरानं तिचं उर्दूत लिहिलं. सगळ्यांनी बघितलं, घड्या झाल्या, डब्यात पडल्या. सरूबाई डबा हलवायला लागली. मला त्या डब्याचा आवाज नको झाला होता. इतकी वर्षं मी तोच डबा हलवला, पण आत काय हाय ते मला ठाऊक असायचं.

सरूबाईनं झाकण काढलं आणि हात घातला.

"रुको," जोहरा म्हणली.

सरूबाईचा हात आतच राहिला. सगळ्या जोहराकडं बघायला लागल्या. जोहरानं कुणाकडं बघितलं नाय. जमिनीकडं बघत होती, आणि कानापर्यंत लाल झाली होती. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. मला वाटलं जाऊन तिचा हात धरावा, पण मी बसून राहिले. ते तिचं तिनंच करायचं होतं.

"मेरे को..." ती थांबली. मग आमच्या बोलीत, सगळ्यांना कळेल असं म्हणली, "ही भिशी मला पाहिजे. मशीन घ्यायचीय. उद्या नाय घेतली तर ऑर्डर जाईल. मला गरज हाय." श्वास घेतला. "मला द्या."

एवढंच. गल्लीत इतक्या वर्षांत कुणी असं उघड तोंडानं मागितलं नव्हतं. नडलेल्या बायांनी नाय, घर गहाण पडलेल्यांनी नाय. सगळ्यांनी शेजारणीच्या तोंडून, तांदळात हात घालून मागितलं. आणि ज्या बाईनं कधीच मागितलं नव्हतं, तिनं सगळ्यांच्या आधी मागितलं. मी घाबरले. कारण आता कुणी नाय म्हणू शकत होतं. चिठ्ठीला नाय म्हणता येत नाय. माणसाला येतं.

सगळ्यांनी द्वारकाबाईकडं बघितलं. फ्रीज तिचा होता.

द्वारकाबाईनं पदरानं कपाळ पुसलं. "मग मंगळवारीच बोलायला तुझ्या जिभेला काय फोड आला होता?" ती म्हणली. "मला काय ठाऊक मशीन घ्यायचीय? मी आपली फ्रीजचा रंग ठरवून बसले. घे बाई, घे. सरूबाई, काढा तो हात बाहेर, आत काय साप शोधताय का?"

कुणीतरी हसलं. मग सगळ्याच हसल्या. भागूबाई कोपऱ्यातून म्हणली, "असं बोलून चालत असंल तर पुढची मला द्या. पत्र्यातून पाणी गळतंय. कुणाकडून सांगावा धाडू याच विचारात होते." तिच्या मागून आणखी एकीनं दिवाळीनंतरची मागितली. मी डब्यातल्या चिठ्ठ्या ओतून काढल्या. इतकी वर्षं मी यांच्यासाठी खोटं लिहिलं, आणि आज माझी कुणाला गरजच राहिली नाय, याचं थोडं वाईट वाटलं. थोडंच. जास्त नाय.

मी कपाटातून पैसे आणले आणि जोहराच्या हातात दिले. तिनं मंगळवारी घेतले होते तसे दोन्ही हात पुढं करून घेतले. मग मागं वळली. गुलशन डोळे पुसत बसली होती, वही तशीच बंद.

"लिख," जोहरा म्हणली.

"काय लिहू अम्मी?"

"तेरे प्रोजेक्ट में. आज जो हुआ वो लिख."

गुलशननं वही उघडली. "लिहिते. पण प्रोजेक्टात खरी नावं टाकत नसतात. मॅडम म्हणतात, माणसांची लाज राखायला नावं बदलायची. तुझं मी दुसरं काहीतरी..."

"मेरा नाम नक्को बदल," जोहरा म्हणली. "जोहरा बोलकेच लिख. और मांग के ली, बोलके लिख."

पोरीनं आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी होकाराची मान डोलावली. तिनं लिहिलं.